जलंबचा फाटा आणि शेगावचा मेळावा

भुसावळकडून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसून तुम्ही शेगावच्या दर्शनाला किती वेळा गेला असाल, ते तुमचे तुम्हांला ठाऊक. मलकापूर गेले, नांदुरा गेले, की जलंब नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. पुढचेच शेगाव, म्हणून माणसे पिशव्या सावरू लागतात आणि जलंबकडे कोणी पाहत नाही. पण पुढल्या खेपेला जरा खिडकीतून पाहा. तेथून दक्षिणेला एक फाटा फुटतो आणि अवघ्या तेरा किलोमीटरवर, म्हणजे जुन्या आठ मैलांवर, खामगावला जाऊन संपतो.

हा फाटा १८७० साली झाला. त्याच्या उद्घाटनाला कोण आले होते म्हणाल, तर खुद्द हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. आता तुम्हीच विचार करा. कलकत्त्याच्या लाटसाहेबाने आठ मैलांच्या रुळांसाठी एवढा उन्हाचा प्रवास कशाला करावा? यात्रेकरूंची सोय व्हावी म्हणून तर खास नव्हे. शेगावात गजानन महाराज तेव्हा प्रकटही झाले नव्हते. साहेब आले ते कापसासाठी. खामगावची कापसाची पेठ त्या काळी सबंध हिंदुस्थानात गाजलेली होती, आणि तेथल्या गाठी बैलगाडीच्या धुळीत न मळता तडक मुंबईच्या गोदीत आणि तेथून विलायतेच्या गिरणीत जाव्यात, एवढ्यासाठी हा फाटा.

(गुरुजींसाठी एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो. त्या वेळी खामगाव व जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्यात होते. ते बुलढाणा जिल्ह्यात आले १९०५ साली. जुने कागद पाहताना मुलांचा घोटाळा होतो, म्हणून सांगितले.)

आज आपण जगाच्या बाजाराची गोष्ट बोलतो. जिनिव्हात काय ठरले, अमेरिकेने काय केले, असे पेपरात येते आणि आपल्याला वाटते, हे काहीतरी नवीन आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीला जगाच्या बाजाराने गाठले त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. आपल्या आज्याच्या आज्याने पेरलेल्या पऱ्हाटीचा भाव तेव्हाही सातासमुद्रापलीकडे ठरत होता. तो भाव ठरवण्यात आपलाही शब्द असावा आणि आपल्या चुलीवर काय शिजावे हे तरी आपणच ठरवावे, यासाठी या भागातली माणसे पुढे कशी उभी राहिली, त्याची ही हकीकत आहे.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली. इंग्लंडातल्या लँकेशायर परगण्याच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापसावर चालत. तो कापूस तेथे गुलामांच्या कष्टावर पिकत असे. लढाईमुळे बंदरे बंद झाली, गिरण्यांची चाके थांबली, मजूर उपाशी बसले, आणि साहेबांची नजर वऱ्हाडच्या काळीवर गेली. भाव असे चढले की कास्तकारांनी बैलगाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, अशी गोष्ट जुनी माणसे सांगत. खरी असो, रचलेली असो, त्या दिवसांची ऐट तिच्यात आहे. पण १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव धाडकन कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. आपल्याकडे सावकाराच्या वहीत आकडे चढले. न पाहिलेल्या मुलखात तोफा सुरू झाल्या म्हणून आपण श्रीमंत झालो आणि त्या थंडावल्या म्हणून कर्जबाजारी झालो. आपल्या हातून ना पुण्य घडले, ना पाप.

सरकारने मात्र कापसाचा नाद सोडला नाही. मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठी कापसाचा खास कमिशनर नेमला होता. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचे नाव. या साहेबाला काळजी एकच, की लांब, मऊ धाग्याचा कापूस पिकावा, कारण मँचेस्टरला तो हवा. आपल्याकडे तेव्हा दोन वाणांची नावे घेतली जात, बनी आणि जरी. बनी म्हणजे बारीक, लांब धाग्याची. जरी म्हणजे आखूड, भरड. साहेब म्हणत, बनी पेरा. कास्तकार मान डोलवी आणि घरी येऊन जरी पेरी. जरी धकाऊ होती, पावसाने ताण दिला तरी तग धरी, आणि तिला रुईचा उतारा जास्त पडे. साहेबलोकांनी यावर कास्तकाराला अडाणी ठरवले. मला विचाराल तर हा आपल्याकडचा पहिला सत्याग्रह होय. भाषण नाही, झेंडा नाही. फक्त तिफणीच्या चाड्यात दुसरे बी.

आता चुलीकडे वळू. कापूस पेरू लागलो म्हणून लगेच कोणी उपाशी मेले नाही. आपले जुने शिवार कसे होते ते आठवा. ज्वारी, तूर, मूग, उडीद, जवस, अंबाडी, सारे एकमेकांच्या आधाराने उभे. पुरुषाने तिफण हाकायची, आणि मागून बाईने सरते धरून मधल्या तासांत डाळीचे बी सोडायचे. ते बी बाईच्या ओटीत असे. कोणत्या साली काय सोडायचे, हे तिला कळत असे. धान्य आले की पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले कोठार, पावसाचे एखादे साल चुकले तर गावाला तारणारे. कापसाच्या पैशावर शेतसारा भरायचा, सावकाराचा हप्ता द्यायचा, अशी रीत पडली तसतशी पेवे आटली. धान्य विकत घ्यायचे आणि तेही पैसा हाती असेल तर, असे झाले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. दुसरा फारच भयंकर होता. माईक डेव्हिस नावाच्या इतिहासकाराने त्या एका दुष्काळात वऱ्हाडात उपासमारीने दगावलेल्यांचा आकडा १ लाख ४३ हजार दिला आहे आणि त्याच काळात या प्रांतातून कापसाच्या हजारो गाठी व पुष्कळसे धान्यही बाहेर जातच होते असे लिहून ठेवले आहे. लक्ष्मण सत्या या अभ्यासकाने तर वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर सबंध ग्रंथ लिहिला. रूळ होते, आगगाडी होती. जलंबचा फाटाही होता. पण गाडी माणसाच्या पोटाकडे पाहून धावत नाही, पैशाकडे पाहून धावते. ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याच्या स्टेशनावरून ती भरलेलीच पुढे जाते.

यात कापसाच्या झाडाचा दोष नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पुष्कळ भले लोक सगळा राग पऱ्हाटीवर काढतात. ज्वारी पेरूनही माणूस कर्जात बुडतो. खरा प्रश्न असा, की काय पेरायचे आणि केवढ्याला विकायचे याची किल्ली कोणाच्या कमरेला?

किल्ली कास्तकाराकडे नव्हती, हे बाजारात उघड दिसे. रुमालाखाली बोटे दाबून अडत्या आणि दलाल भाव ठरवत. मालाचा धनी बाजूला उभा. वजनात कडता, वर हमाली, धर्मादाय, नमुन्याच्या नावाने ओंजळ ओंजळ काढलेला कापूस, हे सगळे वजा जाऊन हाती पट्टी येई. या गोंधळाला आळा घालण्यासाठी वऱ्हाडातच, कारंजा येथे १८८६ साली हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण त्या कायद्याच्या बाजार समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती, फक्त कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. १९२८ साली शेतीच्या शाही आयोगाने देशभर असे नियंत्रित बाजार व्हावेत अशी शिफारस केली. पुढे समित्या झाल्या, निवडणुका झाल्या, कास्तकार सभासदही झाले. त्या सगळ्याची कथा येथे लावीत बसत नाही.

स्वातंत्र्य आले. महाराष्ट्र झाला. १९७२ साली राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याचा जाच संपावा, सरकारने कापूस घ्यावा, आधी काही रक्कम द्यावी, आणि विक्रीनंतर नफा उरल्यास तोही वाटावा. काही वर्षे तिने दिलासाही दिला. पण एकाधिकार याचा दुसरा अर्थ असा, की दुसऱ्या कोणाला विकायचे नाही. आता आपला जिल्हा पडला सीमेवरचा. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश, बऱ्हाणपूरची पेठ. पलीकडे भाव चांगला असेल आणि इकडे केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली असेल, तरी आपला स्वतःचा कापूस पलीकडे नेणे हा गुन्हा. रात्री बैलगाड्या नाक्यांना चुकवून जात. ज्याने पिकवला तोच त्याचा चोरटा ठरला. जिनिव्हाचा बाजार दूरच राहो, बऱ्हाणपूरचाही बाजार आपल्याला बंद होता.

या टप्प्यावर एका माणसाचे नाव घ्यावे लागते, शरद जोशी. जन्म १९३५ चा, सातारचा. स्वित्झर्लंडात बर्न शहरी जागतिक टपाल संघाच्या कचेरीत मोठ्या पगारावर नोकरी होती. ती सोडून ते परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पाहिली. हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले, की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याच्या मालाला खर्चाइतकाही भाव मिळू दिला जात नाही. चाकणच्या कांद्यापासून आंदोलन सुरू झाले. १९७९ साली शेतकरी संघटना उभी राहिली. भीक नको, हवे घामाचे दाम, ही तिची घोषणा तुमच्यापैकी पुष्कळांनी स्वतःच्या गळ्याने दिली असेल. कापसाच्या भावासाठी १९८६ च्या डिसेंबरात विदर्भ-मराठवाड्यात आंदोलन झाले, त्यात आपल्याच शेजारच्या, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सुरेगावी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी पडले.

त्याच वर्षी, डिसेंबरच्या गोळ्यांआधी महिनाभर, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन भरले होते. लाखभर बाया आल्या होत्या असे सांगतात. रस्त्यावर भाकरी बांधून उतरलेल्या या बायकांनी पुढाऱ्यांना एक साधा प्रश्न पाडला. शेतकरी म्हणजे कोण? निंदण तिचे, वेचणी तिची, सरते तिच्या हातात, पण सातबाऱ्यावर नाव त्याचे. सरकार शेतकऱ्याला लुटते असे आपण म्हणतो, मग घरात तिचे काय चालले आहे? हा प्रश्न पुरुषांना झोंबला असणार. त्यातूनच लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. हा उपकार नव्हे, तिच्या कष्टाचे जुने देणे. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाचे नाव यात आधी येते.

आणि मग शेगाव. १० नोव्हेंबर १९९१. रेल्वेचा जो रस्ता मॅंचेस्टरला कापूस नेण्यासाठी टाकला होता, त्याच रस्त्याने आता कास्तकार मेळाव्याला उतरत होते. मला या गोष्टीचे कौतुक वाटते, कारण या मेळाव्यात नुसती मागणी नव्हती. भाव द्या, कर्ज माफ करा, एवढेच म्हणून माणसे परतली नाहीत. आपल्या वावरात आपण स्वतः काय करायचे, याचा एक आराखडा तेथे मांडला गेला. त्याचे नाव चतुरंग शेती. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती, असे तिचे चार भाग.

सीता शेती म्हणजे बाईच्या नावे झालेल्या त्या तुकड्यात तिने तिच्या मनाने करायची शेती. घरात लागेल ते तेथे पेरायचे. बाजारातून खत आणायचे नाही, औषध आणायचे नाही, होता होईल तो बीही आणायचे नाही. शेण, पालापाचोळा, घरचे बी आणि स्वतःचे डोके. सीता हे नाव सहज ठेवलेले नाही. संस्कृतात सीता म्हणजे नांगराचा तास. जमिनीतून आलेली, घराबाहेर काढली गेलेली, आणि एकटीने दोन पोरे वाढवलेली ती बाई. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी गावी तिचे मंदिर आहे. तेथली दंतकथा अशी की वनवासात तिने पोरांसाठी गावात मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, म्हणून तिने शाप दिला की या शिवारात गहू पिकणार नाही. अन्नाचा न्याय काय असतो, हे पोरांना समजावून सांगायला एवढी गोष्ट पुरे.

माजघर शेती म्हणजे शेतातला माल जसाच्या तसा न विकता माजघरात त्याला रूप द्यायचे. तुरीची डाळ करायची, मिरची कांडायची, पापड-वड्या घालायच्या. खामगावच्या बाजारात तूर घालून त्याच तुरीची डाळ दुप्पट भावाने परत आणण्याचा शहाणपणा आपण अजून करतोच. व्यापार शेती म्हणजे हा माल शहरातल्या घरापर्यंत आपण नेऊन विकायचा, मधली साखळी आखूड करायची. आणि निर्यात शेती म्हणजे जगाच्या बाजारात स्वतःच्या नावाने उतरायचे.

पाहा, क्रम कसा लावला आहे. आधी घरचे पोट, मग घरातली कारागिरी, मग गावाबाहेरचा बाजार, आणि शेवटी समुद्रापलीकडचा. १८७० साली आपल्याकडे याच्या नेमके उलट झाले होते. समुद्रापलीकडची मागणी आधी आली आणि पेव शेवटी रिकामे झाले. शेगावला जमलेल्यांपैकी कोणाच्या मनात लॉर्ड मेयो होता असे मी म्हणत नाही. पण दीडशे मैल दुरून आलेल्या कास्तकाराने घराकडून जगाकडे जायची वाट ऐकली, ती खामगावपासून पाचसहा कोसांच्या आत, हे मला लिहून ठेवण्याजोगे वाटते.

आता एक अवघड प्रकरण आले आहे, आणि ते मी टाळणार नाही. शेगावच्या मेळाव्याला सहा आठवडे होतात न होतात तोच, २० डिसेंबर १९९१ रोजी जिनिव्हात गॅट या संस्थेचे प्रमुख आर्थर डंकेल यांनी जागतिक व्यापाराचा मसुदा पुढे ठेवला. शेतीमाल, बियाणे, पेटंट, सगळे त्यात. देशभर वादळ उठले. शेजारच्या कर्नाटकात प्राध्यापक नंजुंडस्वामी यांची रयत संघटना होती. तिने म्हटले, हा मसुदा बियाण्याची मालकी परदेशी कंपन्यांच्या हाती देईल. १९९२ च्या डिसेंबरात तिच्या माणसांनी बंगळूरमधल्या कारगिल कंपनीच्या कचेरीत शिरून तेथले कागद बाहेर फेकले. पुढे १९९३ साली बेल्जियममध्ये मॉन्स गावी जगभरच्या लहान शेतकऱ्यांची व्हिया कांपेसिना ही संघटना उभी राहिली, तिच्यात कर्नाटकची रयत संघटना सामील झाली. १९९६ साली रोमला अन्नाची जागतिक परिषद भरली, तेव्हा या मंडळींनी अन्नाच्या स्वामित्वाचा हक्क मागितला. प्रत्येक लोकसमूहाने काय पिकवावे, काय खावे, हे त्याने ठरवावे, असे त्यांचे म्हणणे.

शरद जोशींनी मात्र डंकेलच्या मसुद्याला पाठिंबा दिला. दोघेही शेतकऱ्यांचे नेते, दोघांच्याही मागे लाखो माणसे, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना. जोशींचा हिशेब असा. बाकीच्या देशांत सरकार शेतकऱ्याला अनुदान देते. आपले सरकार निर्यातबंदी करून, प्रांतबंदी करून, स्वस्त माल आयात करून शेतकऱ्याकडून उलटे घेते. याला त्यांनी उणे सबसिडी म्हटले. तेव्हा आपल्याला परक्या कंपनीपेक्षा घरच्या बंद्यांनीच अधिक नाडले आहे, आणि बाजार मोकळा झाला तर निदान दरवाजा तरी उघडेल.

तुम्ही विचाराल, मग खरे कोणाचे? मी या दोघांत कोणाचाही पंच नाही. पण पुढे काय घडले ते सांगतो. नंजुंडस्वामींची भीती निराधार नव्हती. म्हणूनच २००१ साली आपल्या संसदेने जो बियाण्यांच्या वाणांचा कायदा केला, त्यात शेतकऱ्याने आपले बी राखावे, पेरावे, शेजाऱ्याला द्यावे आणि विकावेही, फक्त कंपनीच्या नावाचा छाप मारून विकू नये, असा हक्क लिहून ठेवावा लागला. तो हक्क कागदावर आहे, पण २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत घरच्या सरकीचे बी पेरणारा कास्तकार शोधून सापडेना. संकरित वाणाचे बी राखून उपयोग नसतो, दर साली पाकीट विकत घ्यावे लागते. जोशींचे म्हणणेही खोटे नव्हते. बीटीने बोंडअळी काही वर्षे रोखली, उत्पन्न वाढले, आणि शेतकऱ्याला नवे तंत्र निवडू द्या हा आग्रह संघटनेने सोडला नाही. अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला २०१९ च्या जूनमध्ये परवानगी नसलेले कापसाचे बी जाहीरपणे पेरून संघटनेने सत्याग्रह केला. कर्नाटकात एके काळी कंपनीचे बी नको म्हणून सत्याग्रह, आणि वऱ्हाडात बंदी असलेले बी हवे म्हणून. दोन्हीकडे वाद एकच, तिफणीच्या चाड्यात काय घालायचे हे कोणी सांगायचे.

मात्र बाजार मोकळा होईल ही जोशींची आशा पुरती फळली असे मला म्हणवत नाही. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, आणि अमेरिकेने आपल्या कापूसवाल्यांचे अनुदान काही सोडले नाही. सरकारच पदरचे पैसे देते म्हटल्यावर तो माणूस कापूस कितीही स्वस्त विकू शकतो, आणि त्याच्या स्वस्ताईने नांदुऱ्यापासून आफ्रिकेपर्यंत सगळ्यांचा भाव पडतो. २००३ च्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकून शहरी बैठक झाली. तेथे बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे आफ्रिकेतले चार गरीब देश उभे राहिले आणि म्हणाले, आमच्या कापसाचे काय? आपल्यासारखेच कोरडवाहू, आपल्यासारखेच पावसाकडे डोळे लावून बसणारे ते कास्तकार. ती बैठक मोडली. ब्राझीलने अमेरिकेवर दावा लावला होता, तो त्यांनी जिंकला. निकाल लागला, पण आपल्या पट्टीवरचा आकडा त्याने वाढला नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडात जे झाले ते तुम्हांला सांगायला नको. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्या सहांत बुलढाणा होता. पंचक्रोशीत एखादे तरी घर असे आहेच, की ज्याच्या दारावरून जाताना आपला आवाज आपोआप खाली येतो. आता सोयाबीनने पऱ्हाटीची पुष्कळ जागा घेतली आहे. पण जेथे पऱ्हाटी उभी आहे तेथे भावाची तार अजून दुरूनच येते. २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते माफ केले आणि मग ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली. दिवाळीच्या सुमाराला आपली वेचणी. बाहेरचा कापूस नेमका तेव्हाच मोकळा झाला.

मग शेगावच्या चतुरंगाचे काय झाले? खरे सांगायचे तर निर्यात शेतीची भाषणे फार झाली, ती केली थोड्यांनी. सीता शेती काही गावांत काही वर्षे नेटाने चालली आणि नंतर मजुरी वाढली, पाकिटातले बी आले, तशी मागे पडली. माजघर शेतीला बचत गटांत नवे घर मिळाले असे म्हणता येईल. शरद जोशी २०१५ च्या डिसेंबरात गेले. चळवळीतल्या माणसांत फाटे फुटले, ते कोणत्या चळवळीत फुटत नाहीत? पण एक गोष्ट मात्र सरकारी दप्तरात उतरली आणि टिकली, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यासाठी थोडी जागा घेतो.

१९९२ च्या सप्टेंबरात राज्याच्या महसूल खात्याने एक परिपत्रक काढले. त्याला नाव दिले लक्ष्मीमुक्ती. नवऱ्याने राजीखुशीने तहसीलदाराकडे अर्ज करायचा, की माझ्या हयातीत माझ्या जमिनीवर माझ्या बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावा. चौकशी होऊन तहसीलदाराचा आदेश झाला की तलाठी फेरफार घेतो आणि सातबाऱ्यावर तिचे नाव चढते. यात अट एवढीच की हे नवरा-बायकोपुरते आहे आणि अर्ज नवऱ्याचाच लागतो. भावकीला घाबरून, की आपलेच मन धजत नाही म्हणून, पुष्कळ अर्ज लिहिलेच जात नाहीत. नवरा अचानक गेला, की मग मदतीसाठी, पीककर्जासाठी, विम्यासाठी बाई कचेऱ्यांचे उंबरे झिजवते आणि प्रत्येक ठिकाणी तिला विचारतात, सातबारा कोणाच्या नावे आहे?

गुरुजी, तुमच्या वर्गातल्या मुलांना एकदा सातबाऱ्याचा उतारा घेऊन यायला सांगा. सातवी-आठवीची पोरे तो सहज वाचतात. क्षेत्र किती, आकार किती, बोजा कोणत्या सोसायटीचा, पेरा कशाचा. त्यात ज्वारी किती साली लिहिली आहे आणि कोणत्या सालापासून नाही, हेही त्यांना मोजू द्या. आणि भोगवटादाराच्या रकान्यात आईचे नाव सापडते का, ते पोरांनाच शोधू द्या.